सुपरहिरोच्या जोडीदाराची कादंबरी: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी, अंबाजोगाईहून

मी अंबाजोगाईच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "मॅडम, सुपरहिरोचं मराठीत काही हाय का?" कपाटात होतं ते दोन दिवसांत वाचून संपायचं, आणि त्यातलं एकही आपल्याकडचं नसायचं. शेवटी मीच लिहायला बसले. हिरोवर लिहायचं नव्हतं, त्याच्या मागे पळणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरावर लिहायचं होतं. पुस्तक हातात यायला साडेतीन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष मी स्वतःच करून ठेवलेल्या चुका निस्तरण्यात गेलं. ते दीड वर्ष तुमचं वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधी जवळ काय हवं

- दोन जाड वह्या. एक कादंबरीची, दुसरी फक्त ऐकलेल्या वाक्यांची.
- यंदाचं शालेय वेळापत्रक आणि भिंतीवरचं एक कॅलेंडर, तिथी-सणांसकट.
- युनिकोड मराठी टाइप करता येणारा संगणक, नाहीतर मोबाइल. हे का, ते सहाव्या पायरीत.
- तुमचं ऐकून घेणारी आणि तोंडावर "बोअर आहे" म्हणणारी सात-आठ पोरं.
- पुढे लागणारी कागदपत्रं: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शीर्षकपान आणि मुखपृष्ठाचा नमुना.

## १. जोडीदार म्हणजे कोण, हे आधी ठरवा

इंग्रजीतला 'साईडकिक' आपल्याकडे नवा नाही. शाहिरामागे उभं राहून "जी जी रं जी" म्हणणारा झीलकरी आठवा. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि त्याचा साथीदार मधेच "मग काय झालं?" विचारून ती पुढं ढकलतो. ट्रकवरचा क्लीनर घ्या: गाडी मागं घेताना "येऊ द्या, येऊ द्या" तोच ओरडतो, आणि गाडी ठोकली की पहिली शिवीही त्यालाच बसते. मला माझा नायक या क्लीनरमध्ये सापडला.

तरी बाहेरचा इतिहास थोडा माहीत असू द्या, कारण तुमचे वाचक तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन १९४० साली आला. एकट्या बॅटमॅनला मनातलं बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि वाचणाऱ्या पोरांना आपल्या वयाचं कुणीतरी दिसायला हवं होतं. १९६४ साली रॉबिन, किड फ्लॅश आणि ॲक्वालॅड हे तिघे जोडीदार मोठ्यांना बाजूला ठेवून पहिल्यांदा एका गोष्टीत एकत्र आले. त्या पहिल्या रॉबिननं स्वतःचं वेगळं नाव घेतलं ते १९८४ मध्ये. म्हणजे दुसऱ्याची सावली सोडायला त्याला ४४ वर्षं लागली. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या रॉबिननं जगावं की मरावं, हे १९८८ साली वाचकांनी फोन करून ठरवलं. ५,३४३ मतं मारण्याच्या बाजूनं, ५,२७१ वाचवण्याच्या. ७२ मतांनी पोरगं गेलं.

हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. जोडीदाराचं आयुष्य दुसरेच कुणीतरी ठरवतात, ही या प्रकारच्या कादंबरीची खरी मेख. तुमचा पोरगा किंवा पोरगी कोणत्या प्रसंगी झील धरायचं थांबवते, तेवढं आधी ठरवा. बाकी कथानक त्याच्या मागंपुढं रचता येतं. मी हे शेवटी ठरवलं, म्हणून पहिला पूर्ण खर्डा रद्दीत गेला.

## २. शक्ती इथल्या मातीवर चालते का, तपासा

माझा पहिला हिरो इमारतींवरून उड्या मारायचा. पाचव्या प्रकरणाला लक्षात आलं, उड्या मारायला इमारती आहेत कुठं? आमच्याकडे उंच म्हणजे साखर कारखान्याचं धुराडं, गावची पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर आणि परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या. दोन चिमण्यांमध्ये दोरी टाकून झोके घेणारा हिरो मीच वाचला नसता. आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांत झगा घालून फिरणाऱ्याला लोक आधी दवाखान्यात नेतील.

मग शक्ती बदलली. माझी हिरो आता चोवीस वर्षांची आक्का आहे, ती तारांमधली वीज अंगात ओढून घेते. आमच्याकडे रात्री-अपरात्री शेतीची लाईट येते, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, आठ-आठ दिवस दुसरी मिळत नाही. म्हणजे शक्तीला काम आहे आणि विरोधकही आहेत. तिचा जोडीदार पिंट्या. त्याला कसलीच शक्ती नाही. आक्काला अनवाणी उभं राहावं लागतं, म्हणून तो तिच्या चपला धरतो.

सापळा: पाऊस पाडणारा हिरो. मराठवाड्यात लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा मोह होतो. पण त्यानं दुसऱ्या प्रकरणात पाऊस पाडला की तुमची कादंबरी दुसऱ्याच प्रकरणात संपली. शिवाय ज्या पोरांनी टँकरमागं घागरी घेऊन पळापळ केलीय, ती हसतील. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, होत्या, पाच लाख लिटर. त्या गाडीच्या पाण्याची वाट बघत नळापाशी बसलेली पोरगी कुठल्याही पावसापेक्षा जास्त कामाची आहे. तिला काय दिसलं, कोण रांगेत घुसलं, तिनं कुणासाठी जागा धरली, हे लिहा.

किल्लारीचा भूकंप मात्र हिरोच्या हातात देऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला घर गमावलेली माणसं आजही तुमच्या शेजारी राहतात. "आमच्या हिरोनं ढिगाऱ्यातून वाचवलं" हे त्यांच्यासमोर वाचून दाखवता येईल का, एवढंच स्वतःला विचारा. मी लिहिलं होतं. फाडलं.

## ३. ओळख लपवायची कशी?

मुंबईत मुखवटा घातला की काम झालं. तालुक्याच्या गावात मुखवट्याचा उपयोग शून्य. लोक चालीवरून ओळखतात, खोकल्यावरून ओळखतात, मोटारसायकलच्या आवाजावरून तर बापाचं नाव सांगतात. आमच्याकडे "तू कोण?" असं कुणी विचारतच नाही, "कोणाचा रे तू?" विचारतात. या एका प्रश्नानं माझी कादंबरी वाचवली. आधी लिहिलेला प्रसंग असा होता:

> विद्युतकन्येने आकाशात झेप घेतली. तिच्या मागोमाग पिंट्याही धावला. "ताई, घाबरू नकोस, मी आहे तुझ्यासोबत!" तो त्वेषाने म्हणाला.

पंधरा वर्षांचा पोरगा त्वेषानं काही म्हणत नाही. त्वेषानं तो फक्त मोबाइल मागतो. नंतर तोच प्रसंग असा झाला:

> डीपीपाशी आक्कानं चपला काढल्या. पिंट्यानं त्या उचलून काखेत धरल्या.
>
> "किती वेळ लागंल?"
>
> "तू मोज."
>
> मागच्या बारीला एकशेचाळीसला ती खाली पडली होती. पिंट्या एकशेदहापर्यंत आला आणि त्याला दिसलं, कॅनॉलच्या पलीकडून कुणीतरी बॅटरी मारायलंय. हाक मारावी तर नाव फुटतंय. न मारावी तर एकशेचाळीस जवळ आलेत.
>
> "ए, कोणाचा रे तू?" पलीकडून आवाज आला. "अन् चपला कोणाच्या हायत त्या?"

हिरो काय करतेय ते इथं दिसतसुद्धा नाही. कॅमेरा पिंट्याकडं आहे. प्रत्येक मारामारीचं प्रकरण लिहून झालं की बघा: जोडीदार त्या वेळी कुठं उभा होता, त्याच्या हातात काय होतं. उत्तर येत नसेल तर तुम्ही हिरोची कादंबरी लिहिताय.

## ४. कॅलेंडरवर कथानक टांगा

पोरांचा वेळ त्यांचा नसतो. दहावीचा सराव असतो, शिकवणी असते. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीच्या नादात अकरावीला पोरगं घर सोडून वसतिगृहात जातं, तिथं रात्री दहाला गेट बंद होतं. तुमचा जोडीदार रात्री जग वाचवणार असेल तर गेटवरच्या मामाचं काय करणार, ते आधी ठरवा.

बीड-धाराशिवकडच्या गावातली गोष्ट असेल तर दिवाळीनंतर ऊसतोडीमुळे वर्गातले बाक रिकामे होतात हे विसरू नका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, कारखान्यापाशी कोपी म्हणजे झोपडी, आणि लहान भावंडं सांभाळायला सोबत नेलेली थोरली पोरगी. ही पोरगी जन्मापासून जोडीदारच आहे. तिच्यावर कुणीतरी लिहा, मला नाही जमलं. माझ्या पुस्तकात ती दोन प्रकरणांत येऊन जाते, आणि वाचणाऱ्या बहुतेक पोरींना पिंट्यापेक्षा तीच आवडली.

## ५. बोली किती, प्रमाण किती

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा सोपा मार्ग. पण बोली सगळीकडे सारखी नाही. अंबाजोगाईला "काय करायलास?" म्हणतात, लातूरकडं सरकलं की "काय करलालास?" होतं, जालना-हिंगोलीच्या कडेला "काहून" ऐकू येतं. एका पात्राच्या तोंडी तिन्ही घातलं की गावातला माणूस लगेच पकडतो. म्हणून ती दुसरी वही: एसटीत, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या रांगेत ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, कुठं ऐकलं तेही लिहायचं.

आणि पोरं आता शुद्ध बोलीत बोलतच नाहीत. "माय, माझा डाटा संपलाय" असं बोलतात. ते तसंच येऊ द्या. विनोदासाठी मात्र बोली वापरू नका. खलनायक पुणेरी आणि विदूषक मराठवाडी, हे पुष्कळ झालं.

## ६. टायपिंग: माझं सगळ्यात महाग पडलेलं शहाणपण

मी वहीत लिहिलं आणि एका डीटीपीवाल्याकडं दिलं. त्यानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं. कागदावर सुंदर दिसत होतं. पुढे दुसऱ्या छपाईवाल्यानं फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढलं तेव्हा रफार शेजारच्या अक्षरावर गेले, 'ऱ्या'चं भलतंच काही झालं, आणि 'ष्ट्र' तर ओळखूच येईना. एकशे साठ पानं मी ओळीनं ओळ पुन्हा तपासली. अडीच महिने.

तुम्ही असं करा:

- पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला पंधरा दिवस लागतात, मग हात चालतो. मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, पण बोली त्याला कळत नाही. "करायलास"चं तो काहीतरी भलतंच करतो.
- डीटीपीवाल्याला पहिल्याच भेटीत विचारा, "फाइल युनिकोडमध्ये मिळंल ना?" आणि पैसे देताना पीडीएफसोबत मूळ फाइलही घ्या. पीडीएफवर दुरुस्ती करता येत नाही.
- पानं लावून झाल्यावर जोडाक्षरं पुन्हा बघा. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय चालू केली नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते.
- मुद्रितशोधन स्वतः करू नका. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. मी 'आक्का' अकरा ठिकाणी 'अक्का' केली होती.

## ७. छापण्याआधी पोरांना वाचून दाखवा

शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, आणि पोरांना कुणाचं पुस्तक आहे ते सांगू नका. "मॅडमचं" म्हटलं की सगळी छान म्हणतात. मी मोठ्यानं वाचायचे आणि कुणी कधी खिडकीबाहेर बघितलं ते समासात टिपून ठेवायचे. तिसऱ्या प्रकरणात सगळा वर्ग खिडकीबाहेर होता. ते प्रकरण आता नाही.

पण घाबरले ते वेगळ्याच कारणानं. आठवीतल्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, खरंच अनवाणी उभं राहून डीपीला हात लावला तर काय होतं?" रात्री मोटार चालू करायला जाऊन शॉक लागून माणसं मरतात, हे आमच्याकडं पेपरात येतच असतं. मी पोराला तिथंच सांगितलं, माणूस मरतो. घरी येऊन नवं प्रकरण लिहिलं: पिंट्याचा मामा वायरमन, त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला, आणि तो पिंट्याला एकाच हातानं जेवून दाखवतो. पुस्तकातलं चांगलं प्रकरण म्हणून लोक आता हेच सांगतात. तुमच्या हिरोची शक्ती घरात, शेतात, रस्त्यावर नक्कल करण्याजोगी असेल तर किमान एका पात्राला तिची किंमत मोजू द्या.

## ८. कायद्याचं, थोडक्यात

रॉबिनबद्दल तुमची पात्रं गप्पा मारू शकतात. रॉबिनला पात्र करून कादंबरीत फिरवता येत नाही; तो दुसऱ्याच्या मालकीचा. वटवाघळाचं चिन्ह बदलून मुखपृष्ठावर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. 'सुपरहिरो' हा शब्द मात्र बिनधास्त वापरा. दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी तिकडे त्यावर मिळून ट्रेडमार्क घेतला होता, तो २०२४ मध्ये रद्द झाला.

तुमचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच, हयातभर आणि त्यापुढे ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

## ९. प्रकाशक की स्वतः?

आधी करार. हक्क लेखी आणि सहीनंच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. म्हणून "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" असं दिसलं की पेन खाली ठेवा. ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क स्वतःकडं ठेवायला मागा. बहुतेक वेळा मिळतात, कारण कुणी विचारतच नाही.

मला एका प्रकाशकानं "तुम्ही शंभर प्रती विकत घ्या, आम्ही छापतो" असं सांगितलं. शंभराचे तीनशे झाले, आणि बाकी प्रती कुठं गेल्या ते आजवर कळलं नाही. किती प्रती छापणार हा आकडा करारात नसेल तर रॉयल्टीच्या टक्क्याला अर्थ नाही.

स्वतः छापणार असाल तर 'फर्मा' हा शब्द शिकून घ्या. डेमी आकारात १६ पानांचा एक फर्मा, आणि छपाईवाला दर त्यावरच सांगतो. साधारण चाळीस हजार शब्दांची किशोर कादंबरी दहा फर्म्यांत, म्हणजे १६० पानांत बसते. तुमची १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी जादा खर्च पडतो. तेव्हा अर्पणपत्रिका आटोपती घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. "आयएसबीएनचे दोन हजार" मागणारा तुमचा वेळ वाचवल्याचे पैसे घेतोय, सरकारी शुल्क नव्हे. आणि पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातल्या चार ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवणं १९५४ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्याकडं हे फार कमी लोक करतात.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. अर्जाच्या अटी आणि तारखा त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. त्यासाठी पुस्तक आधी छापून मोकळे होऊ नका.

## १०. गठ्ठे उतरवताना

विक्रीबद्दल मला फार सांगता येत नाही. माझी पुस्तकं शाळा, वाचनालयं आणि साहित्य संमेलनातल्या एका टेबलावर गेली. मुखपृष्ठ शेवटपर्यंत वादात होतं. चित्रकारानं आक्काला मधोमध, विजेच्या लखलखाटात काढलं होतं. मी ते परत पाठवलं. आता मुखपृष्ठावर एक पोरगा पाठमोरा उभा आहे आणि त्याच्या काखेत दोन चपला आहेत.

छापून आलेले गठ्ठे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतात आणि सकाळी सहाला स्टँडवर उतरवून घ्यावे लागतात. झोपेत सही करू नका. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून वीस प्रती काढा आणि पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. माझ्या चौथ्या गठ्ठ्यात सहावा फर्मा दोनदा बांधला होता आणि सातवा नव्हताच. ९६ व्या पानावर आक्का तारेला हात लावते, पुढच्या पानावर ती परत घरातून निघते. अशा ४६ प्रती निघाल्या. उरलेले पैसे द्यायचे होते म्हणून त्या बदलून मिळाल्या.